भाच्याचा हक्क

"पेशंटचे तुम्ही कोण?" नर्सनं विचारलं.

भूपालअण्णा शेडबाळ्यांच्या पांढऱ्या शर्टावर माझं रक्त होतं, आणि चेहरा शर्टाहून पांढरा पडला होता. माझा डावा हात त्यांनी स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून घट्ट धरून ठेवला होता. 'मालक' म्हणावं, तर पुढचे प्रश्न येणार : कुठला कारखाना, कुठलं मशीन, कुणाला कळवलंत का.

"मामा," ते म्हणाले. "मामा हाय मी ह्याचा."

नर्सनं कागदावर लिहून घेतलं. 'नाते : मामा.' स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी ते ऐकलं. शुद्ध जायच्या आधी माझ्या मनात शेवटचा विचार आला तो एवढाच, की मला मामाच नाही. माझ्या आईला पाठचा ना पुढचा, भाऊच नव्हता.

याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी, बिराप्पा करांडे, तेव्हा बावीस वर्षांचा होतो. जतकडचं आमचं गाव सोडून कुपवाडच्या एमआयडीसीत आलो होतो आणि अण्णांच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात चार महिने प्रेसवर होतो. प्रेस म्हणजे साधा हिशेब. खाली पत्रा ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून मणामणाचा ठोका येतो आणि पत्र्याची बिजागरी होते. खाली बोट राहिलं तर बोटाचीही होते.

तसं होऊ नये म्हणून मशीनला पुढून पिवळी जाळी होती. पत्रा आत जाईल पण हात जाणार नाही, एवढीच फट. पण जाळीनं माल सावकाश निघे. दिवाळीच्या ऑर्डरी आल्या तसा अण्णांनी पाना मागवला, दोन्ही प्रेसच्या जाळ्या स्वतःच्या हातानं सोडवल्या आणि म्हणाले, "ध्यान देऊन काम करा की. घरच्या मशीनला कसली जाळी?"

अण्णांचं सगळंच घरचं होतं. जादा वेळ थांबवायचं असलं की 'घरचंच काम हाय'. पगार वाढवून मागितला की 'घरात कोण पगार मागतंय का?' नव्या माणसाचं नाव ते हजेरीबुकात घालतच नसत, कारण घरच्या माणसाची कसली हजेरी! माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. मला स्कूटरवर पुढ्यात घेऊन दवाखान्यात त्यांनीच आणलं. पण माझी अंगठ्याजवळची दोन बोटं अर्ध्यावर गेली, ती काही त्यांच्या घरची नव्हती. आजही हॉटेलात दोन चहा सांगायचे तर मी उजवा हात वर करतो. डावा वर केला की पोऱ्या गोंधळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आई आली. तिचं नाव अक्काताई. ते ऐकून अण्णांना बरंच वाटलं असावं, कारण नुसती हाक मारली तरी बहीण म्हटल्यासारखं होत होतं.

"अक्काताई, घाबरू नगा," ते म्हणाले. "दवाखान्याचं समदं मी बघतो. पोरगं मला भाच्यासारखं. फकस्त कुणी विचारलं तर कारखान्याचं नाव काढू नगा. आपली घरची गोष्ट."

अण्णा गेल्यावर आई मला म्हणाली, "कसं झालं, सगळं सांग." मी सगळं सांगितलं. जाळीचं तिनं दोनदा विचारलं. ती कसली होती, कुणी काढली, आता कुठं आहे. कुठं आहे ते मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. बेलसरे त्यांचं नाव. काटकुळे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कुणाकडचा चहाही न घेणारे. दवाखान्यानं कुठंतरी कळवलं होतं म्हणे. आधी कारखान्यात जाऊन मग ते माझ्या खाटेशी आले. मागोमाग अण्णा धापा टाकत आले.

"हा तुमच्याकडे कामाला होता?" बेलसऱ्यांनी विचारलं.

"न्हाई वो साहेब. भाचा हाय माझा. दिवाळीच्या बाजाराला आला, मशीन बघू म्हणाला आन् बघता बघता हात घातला. पोरवय."

"बावीस वर्षांचा आहे."

"आमच्याकडं अक्कल जरा उशिरा येती, साहेब."

"तुम्ही शेडबाळे, जैन. हा करांडे, धनगर. तुमची बहीण करांड्यांत कशी?"

"मानलेली बहीण हाय."

बेलसऱ्यांनी चष्मा वर केला. "शेडबाळे, तुम्ही याचे मामा असा नाहीतर काका असा, मला मामा बनवू नका. मशीनवर जाळीचे बोल्ट बसायची भोकं आहेत. जाळी कुठं आहे?"

"ती कंपनीकडनं आलीच न्हाई."

मी उठून बसलो. "साहेब, मी चार महिने प्रेसवर हाय. जाळी ह्यांनीच काढली."

बेलसऱ्यांनी हजेरीबुकाची नक्कल चाळली. माझं नाव नव्हतं. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या सदालाही त्यांनी विचारून पाहिलं होतं. त्यानं स्वतःच्या चपलांकडं बघत 'मी तवा पाणी प्यायला गेल्तो' एवढंच सांगितलं होतं. त्याला घरी तीन पोरी होत्या, त्याला मी बोल लावत नाही. शेवटी साहेब आईकडं वळले.

"बाई, तुम्ही सांगा. हे तुमचे कोण?"

आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खाटेच्या दांडीआड, साहेबांना दिसणार नाहीत असे, हात जोडले होते. कपाळावरून घामाची धार लागली होती.

"भाऊ," ती म्हणाली. "भाऊ हाय माझा."

अण्णांनी एवढा मोठा श्वास सोडला की सलाईनची नळी हलली असेल. बेलसऱ्यांनी फाईल मिटली. "दवाखान्याचा कागद म्हणतो मामा. आई म्हणते भाऊ. एकट्या पोराच्या शब्दावर मी केस कशी उभी करू? दिवाळी झाली की मंगळवारी येतो. शेडबाळे, तुमचा जबाब लिहून तयार ठेवा. बाईंचा अंगठा लागेल त्यावर."

मी भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस आईशी बोललो नाही. मी कामगार नव्हतो असं एकदा कागदावर आलं, की माझी बोटं माझ्याच हौसेनं गेली असं ठरणार होतं. भरपाई नाही, मशीनला जाळी नाही, आणि सदा तिकडं अजून उघड्या ठोक्याखाली हात घालतच होता. आणि हे सगळं माझ्या सख्ख्या आईनं एका शब्दात करून ठेवलं होतं. अण्णांनी तिला काय दिलं असेल, याचा विचार करून माझं डोकं फिरायची वेळ आली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मला सोडलं. आईनं पिशव्या उचलल्या आणि रिक्षा थांबवली. मी म्हटलं, "स्टँड तर जवळ हाय. रिक्षा कशाला?"

"स्टँडवर कोण चाललंय?"

"मग कुठं?"

"माझ्या माहेराला," आई म्हणाली.

अण्णांचं घर कारखान्याच्या वरच होतं. दार त्यांच्या बायकोनं, चंपावहिनींनी उघडलं.

"कोण पाहिजे?"

"नणंद हाय मी," आई म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर मला धरून उभी राहिली. "भाकरतुकडा ओवाळून टाका की, वैनी. पोरगं दवाखान्यातनं आलंय."

शेडबाळ्यांच्या घरी नणंद नाही, म्हणून चंपावहिनींच्या आईनं हे स्थळ पहिल्या फटक्यात पसंत केलं होतं, असं त्या स्वतः सांगत. पंचवीस वर्षं त्यांनी नणंदेवाचून सुखानं संसार केला. आता पन्नाशीला टेकल्यावर नणंद दारात उभी होती, तीही मोठी, पिशव्या घेऊन. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. अण्णांनी त्यांना बाजूला नेऊन कानात काहीतरी सांगितलं. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "मंगळवारपातूर सांभाळ."

आईनं नणंदपणा असा गाजवला की बोलायची सोय नाही. पहिल्याच चहाला तिनं नाक मुरडलं.

"वैनी, च्यात आलं न्हाई."

"आमच्यात आलं चालत न्हाई, वन्सं."

"नणंदेला चालतंय."

कपाटातल्या साड्या बघून झाल्या. लाडू चाखून झाले, 'बेसन कच्चं ऱ्हायलंय' सांगून झालं, तरी रोज चार खाऊन झाले. भाऊबीजेला शेजारच्या चार बायका बोलावून आईनं अण्णांना पाटावर बसवलं आणि ओवाळलं. अण्णांनी मुकाट्यानं साडी दिली. आईनं ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "रंग वाईच उजळ चालला असता." चंपावहिनींची गत 'भीक नको पण कुत्रं आवर' अशी झाली होती. अण्णा जिन्यावरून वर येताना आधी खालूनच अंदाज घेत, बहीण कुठल्या खोलीत आहे.

या सगळ्यात मजा वाटत होती ती एकट्या राजमतीला, अण्णांच्या मुलीला. ती बी. कॉम.ला होती, देखणी आणि चलाख. "आत्या, अजून एक लाडू?" म्हणून ती आईपुढं ताट धरी आणि आईच्या मागं तोंडावर ओढणी दाबून हसे. मला मात्र तिच्यासमोर मान वर करवत नव्हती.

एके दिवशी उन्हं कलताना मला राहवेना. आई मागच्या परसात होती, तिथं जाऊन मी तिच्यावर ओरडलो. "लाज न्हाई वाटत? ज्यानं माझी बोटं घालवली, त्याच्या घरात बसून लाडू खातीस?"

"मिरच्या बघ कशा तरारल्यात," आई म्हणाली.

"आई!"

"बघ म्हणते न्हवं!"

मी बघितलं. चंपावहिनींनी मिरचीच्या रोपांचे दोन वाफे केले होते, आणि शेजारच्या शेळीनं ती खाऊ नयेत म्हणून दोन्हींवर दोन पिवळ्या जाळ्या उपड्या घातल्या होत्या. बोल्टांच्या भोकांसकट. मिरच्यांना जाळी होती आणि माझ्या बोटांना नव्हती. मी जाळी उचकटायला वाकलो. आईनं माझा दंड धरला.

"हात लावू नगो. हाय तिथं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बघितलीस न्हवं? आता गप घरात जाऊन जेव. दिवस बुडायच्या आत जेवत्यात ही माणसं."

मंगळवारी दहाला बेलसरे आले. अण्णांनी पुढच्या खोलीत टेबल पुसून जबाबाचा कागद तयार ठेवला होता. 'अपघातग्रस्त इसम हा माझा भाचा असून त्याचा माझ्या कारखान्याशी काहीही संबंध नाही.' खाली सहीला जागा, त्याखाली आईच्या अंगठ्याला जागा. शाईचं पॅडसुद्धा नवं आणलं होतं. मी दाराशी उभा होतो. आता हा कागद झाला की संपलंच, हे मला दिसत होतं.

साहेबांनी कागद वाचून दाखवला. "बाई, कळलं का? पटत असेल तर अंगठा द्या."

"देते की," आई म्हणाली. "पर साहेब, वाईच थांबा. घरात एक शुभकार्य हाय, तेवढं उरकू दे. तुमी बी साक्षीला असाल तर बरंच."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि खांद्यावर घोंगडं टाकलेले मायाप्पाकाका, म्हणजे आईनं गावाहून बोलावून घेतलेले तिचे धाकटे दीर, आत आले. त्यांच्या हातातल्या ताटात नारळ होता, खण होता आणि साखरेचा पुडा होता. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अण्णा, राजमतीला मागायला आलोय," ती म्हणाली.

"मागायला? कुणासाठी?"

"आता कुणासाठी! बिरूसाठी. मामाच्या पोरीवर भाच्याचा पैला हक्क. तुमच्यात बी हाय, आमच्यात बी हाय. साहेब, तुमच्याकडं असतोय का?"

"आमच्याकडे नसतो," बेलसरे गंभीरपणे म्हणाले. "पण या भागात असतो, ते ऐकून आहे."

आतल्या पडद्यामागून राजमतीचं हसू फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ चंपावहिनींच्या हातातून काहीतरी पितळी पडून घरंगळत गेलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

"अक्काताई, थट्टा पुरे," अण्णा म्हणाले.

"थट्टा कसली? पोरगं निर्व्यसनी हाय. दोन बोटं कमी हायत म्हणून नगं म्हणता व्हय? ती तर मामाच्याच घरात गेल्यात, बाहीर कुठं न्हाई गेली."

"पोरगी बघितली," मायाप्पाकाका ताटातली साखर तोंडात टाकत म्हणाले. वास्तविक त्यांनी फक्त पडदा बघितला होता. "आमची पसंती हाय."

"अवो, मानलेला भाचा हाय तो!"

"मानला न्हवं? मग समदंच मानायचं, अण्णा. हात तुटायला भाचा, आन् पोर मागायला आलं की परका?"

"कामापुरता मामा आन् ताकापुरती आजी," मायाप्पाकाका छताकडं बघून म्हणाले.

अण्णांनी आशेनं साहेबांकडं बघितलं. बेलसरे पेनाचं टोपण काढत होते. "शेडबाळे, भाचा आहे असं तुम्ही स्वतः मला लिहून देताय. मग बाईंचं मागणं मला तरी वावगं दिसत नाही. सही केलीत की हा कागद उद्या बाईसुद्धा दाखवू शकतील. कुणालाही."

अण्णांनी कागदाकडं बघितलं. मग पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडं, आणि एकदम असे उठले की खुर्ची मागं पडली.

"कसला भाचा! कुणाचा भाचा! काय संबंध!" आवाज खाली कारखान्यापर्यंत गेला. सदाचा प्रेस थांबला. "चार महिनं झालं माझ्याकडं कामाला हाय तो! प्रेसवर हाय! कामगार हाय कामगार, माझा न्हाई कोण!"

"प्रेसवर," बेलसरे लिहिता लिहिता म्हणाले. "अपघात झाला तेव्हासुद्धा?"

"तवा काय पूजेला बसला हुता? प्रेसवरच हुता की!"

"आणि जाळी?"

"जाळी मीच..." अण्णा म्हणाले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता. सदा आणि इतर चार-पाचजण जिन्यात येऊन उभे होते, आणि साहेबांचं पेन थांबायला तयार नव्हतं.

"जाळ्या मागं मिरच्यांवर हायत, साहेब," आई म्हणाली. "चला, दावते. नणंदेला परस ठावं असतंय."

बेलसरे परसात जाऊन जाळ्या बघून आले. परत येऊन त्यांनी पहिला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात मी कामगार होतो, मशीन अण्णांचं होतं, जाळी अण्णांनी काढली होती. सदानं हळूच पुढं येऊन सांगितलं की आपण त्या दिवशी पाणी प्यायला गेलो नव्हतो. अण्णा पेन हातात घेऊन नुसते बसून राहिले. तेव्हा पडद्याआडून चंपावहिनी कडाडल्या, "करा सही मुकाट्यानं! का पोर देताय?"

अण्णांनी सही केली. मी त्या सहीकडं बघत राहिलो. मला रडू येत होतं. बोटं जाऊन तीन आठवडे होत आले होते, पण ती कुठं आणि कशी गेली हे कुणीतरी पहिल्यांदाच कबूल करत होतं.

"अक्काताई," अण्णा खालमानेनं म्हणाले, "मी काय बिरूला वाऱ्यावर सोडणार न्हवतो. भाऊ म्हणून समदं केलं असतं. गुपचूप."

"तेच तर, अण्णा," आई म्हणाली. तिच्या आवाजात आता नणंदेचा ठसका नव्हता. "भाऊ म्हणून केलं असतंसा तर त्ये उपकार झालं असतं. मालक म्हणून करा. आन् भाऊ चुकला तर बहिणीला माफ करावं लागतंय. मालक चुकला तर न्हाई लागत."

तिनं नारळ आणि खण उचलून पिशवीत घातले. साखर मायाप्पाकाकांनी आधीच संपवत आणली होती. संध्याकाळी दोन्ही प्रेसवर जाळ्या चढल्या, बोल्ट सदानं स्वतः आवळले. भरपाईचा निकाल लागायला पुढं वर्ष गेलं, पण तो लागला.

त्या सकाळी जिना उतरताना मी आईला विचारलं, "दवाखान्यातच मालक हाय म्हणून का न्हाई सांगितलंस?"

"आन् तुझ्यासारखं मला बी कुणी खरं मानलं नसतं तर? मालक म्हटलं असतं तर त्यानं फाटक लावून घेतलं असतं. बहिणीला फाटक लावता येत न्हाई."

मी दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो. "आई, आन् अण्णा व्हय म्हणालं असतं तर?"

ती पण थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खरंच विचार केला.

"तर तू ह्या कारखान्याचा जावई झाला असतास," ती म्हणाली. "पैल्या दिवशी तुझ्याकडनं जाळ्या बसवून घेतल्या असत्या. आन् न्हाई बसवल्यास, तर ह्याच साहेबाकडं तुझं बी नाव घातलं असतं."